चाटूने घासलेला चेहरा

कुरखेड्यात एकदा लाईट गेली की तासभर तरी येत नाही, तेव्हा त्या पंख्याकडे बघत बसू नका. इकडे ओसरीवर या. प्रफुल, तो मोबाईल उपडा ठेव आधी, त्याच्या उजेडात तुझंच तोंड भुतासारखं दिसतंय. एक गोष्ट सांगतो. कुठून कानावर आलेली नाही. ज्याच्यासोबत घडली, त्याच्यासोबत मी बल्लारपूरच्या पेपर मिलमध्ये सत्तावीस वर्षं जेवणाचा डबा वाटून खाल्ला आहे.

हरिदास त्याचं नाव. कागद दोन बोटांत धरून तो किती जाड आहे ते सांगायचा, आणि कधी चुकायचा नाही. रिटायर झाल्यावर घरात बसवेना, म्हणून त्याने समोरच्या खोलीत फ्रेमा करायचं दुकान टाकलं. पण लोक यायचे ते बिघडलेले कागद घेऊन. भिजलेलं सर्टिफिकेट, लग्नाचा फुगलेला फोटो, कुणाचं छापलेलं चित्र. कागद बनवणारे बल्लारपुरात हजार होते, बिघडलेला कागद सरळ करणारा हा एकटाच.

त्याची रीत साधी होती. कागदाला ओल्या टीपकागदात ठेवून हळूहळू नरम करायचं. मग कोरड्या टीपकागदांमध्ये घालायचं, वर जाड काच, काचेवर लोखंडाचे दोन ठोकळे. दर चार तासांनी टीपकागद बदलायचे. घाई केली की कागद पुन्हा रुसतो, म्हणायचा. आणि हेही सांगून ठेवतो, की घरात बुद्धाची मूर्ती, बावीस प्रतिज्ञा तोंडपाठ, भूतखेत म्हटलं की हा माणूस पोट धरून हसायचा. आता हसत नाही. मानतही नाही. तो विषय निघाला की उठून जातो.

दोन हजार तेवीस साल. पोळ्याच्या दहा दिवस आधी मूल गावाकडचा मनसाराम नावाचा माणूस दुकानात आला. तलावात मासे धरणारा, अबोल. त्याने लुगड्यात गुंडाळलेलं एक चित्र टेबलावर ठेवलं. लाकडाचा ठसा कोरून काळ्या शाईत छापलेला एका पोरीचा चेहरा, खांद्यावरून पुढे आलेली जाड वेणी, डोळे थेट बघणाऱ्याकडे. पावसाच्या झडीत भिंतीवरून पाणी उतरलं होतं आणि अख्खा कागद लाटा मारत होता.

"माह्या पोरीनं काढलं होतं," मनसाराम म्हणाला. "रुपालीनं. तिचंच तोंड होय. आर्ट कॉलेजात होती. मांगच्या वर्षी मलेरिया डोक्यात गेला, चार दिवसांत..." त्याने लुगड्याची घडी सारखी केली. "पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी बरसी हाय. तवापर्यंत सरळ करून द्या, भाऊ."

"देतो," हरिदास म्हणाला. शाई तेलाची होती, पाण्याने पसरणार नव्हती. त्याला काम सोपं वाटलं.

सोपं होतंही. चार दिवसांत लाटा बसल्या. पण काम पुरं होईना. चेहऱ्यावर, वेणीवर, जिथे जिथे पांढऱ्या रेघा होत्या, तिथे कागद किंचित वर उठलेला. बोट फिरवलं की लागायचा. हरिदासला वाटलं, ही फुगवटी आतपर्यंत मुरली आहे. हट्टी कागद त्याने शेकड्याने पाहिले होते. त्याने ते चित्र पुन्हा नरम केलं, पुन्हा दाबलं, वजन दुप्पट केलं. तीनदा. तिसऱ्यांदा काच उचलली तेव्हा कागद ताटासारखा सपाट झाला होता. तो खूश झाला. सत्यशीलेला, म्हणजे बायकोला, बोलावून त्याने ते दाखवलंसुद्धा.

पोळा गुरुवारी होता, चौदा सप्टेंबरला. दुपारी रस्त्यावर सजवलेले बैल चालले होते आणि त्या गर्दीतून मनसाराम आला, हाताला धरून बायकोला घेऊन. गोकुळाबाई. खुर्चीत बसवली तेव्हा हरिदासच्या लक्षात आलं, बाईला दिसत नाही. काचबिंदूने सहा वर्षांपूर्वी दोन्ही डोळे गेले होते.

त्याने चित्र समोर ठेवलं. तिने हात पुढे केला. कागद कडेकडेने चाचपला, मग बोटं मधोमध आणली. थांबली. परत वरून खाली आणली. परत.

"इथी कुठी गेली ती?" बाई म्हणाली.

बाहेर घुंगरांचा आवाज येत होता.

"पहिले कपाळ लागे. नाक लागे. येनी लागे, पेडापेडानं. लाटा आल्या तवा गडबड होऊन राह्यली होती, हात फिरवला का सारं आडवंतिडवं. मनून धाडलं तुमच्याकडे." तिची बोटं अजून शोधत होती. "भाऊ, आता तं काईच नाई इथी."

मग हळूहळू कळलं. रुपालीने ते चित्र आईसाठीच केलं होतं. घरी छापायचं यंत्र नव्हतं. ठशावर शाई लावून कागद उपडा घालायचा आणि पाठीवर चाटूची गोल बाजू घासायची, भात वाढायचा असतो तो लाकडी चाटू. पोरीने रात्रभर दाब देऊन घासलं होतं, कागद कोरलेल्या रेघांत उतरून दुसरीकडून उठावा म्हणून. मोठी झालेली पोरगी कशी दिसते ते आईला कधी दिसलं नव्हतं. म्हणून तिने बोटांना कळेल असा चेहरा करून दिला. ती गेल्यावर आई रोज संध्याकाळी भिंतीपाशी उभी राहून तो वाचायची. मनसारामला एवढंच ठाऊक होतं की बायको चित्रावर हात फिरवते. सगळेच फिरवतात, त्याला वाटलं.

ज्याला हरिदास फुगवटी समजला, ती पोरगी होती. त्याने तिला तीनदा पाणी लावून, वजन ठेवून पुसून टाकलं होतं. आयुष्यभराच्या कसबानं.

"ठसा आहे का?" त्याने विचारलं. "ठसा असेल तर परत..."

"सरणावर ठेवला," मनसाराम म्हणाला. "तिची वस्तू, तिच्यासंगं."

गोकुळाबाईने पिशवीतून एक चाटू काढला. एका बाजूने झिजून गुळगुळीत झालेला. "हाच होय. याच्यानं काई होत असन तं पाहा." मग तिने आवाज खाली घेतला. "दवाखान्यातून तिले गुंडाळूनच आनलं. मले हात लावू देल्ला नाई. मी समद्यायले इचारलं, पोरीचे डोळे मिटले होते का. कोनी मनते हो, कोनी उगाच रडते. धड कोनी सांगतच नाई."

हरिदास म्हणाला, "बाई, कागद अजून ओला आहे. वाळला की रेघा वर येतील. उद्या सकाळी या."

खोटं बोलला. ठशाशिवाय त्या रेघा येणार नव्हत्या, हे त्याच्याइतकं पक्कं जगात कुणाला माहीत होतं? पण समोर बसलेल्या आईला नाही म्हणायची जीभ त्याच्याकडे नव्हती. ती दोघं पोलीस लाईनीजवळच्या भाच्याकडे मुक्कामाला गेली.

रात्री तो जेवला नाही. चित्र नरम करून त्याने ते एका टीपकागदावर उपडं घातलं आणि चाटूने घासून पाहिलं. खाली ठसाच नाही तर उठणार काय? मागून सुरकुती पडली तेवढी. साडेबाराला त्याने वर टीपकागद झाकला, काच ठेवली, दोन्ही ठोकळे ठेवले. चाटू बाजूला ठेवला. सकाळी खरं सांगून पाय धरायचे, असं ठरवून तो आत जाऊन पडला.

अमावास्या होती. झोप लागली की नाही ते त्याला आठवत नाही. मिलचा आवाज तर रात्रभर असतोच, आपल्याला तो ऐकूही येत नाही. पण पावणेतीनला त्या आवाजात दुसरा एक आवाज मिसळला.

खस्... खस्... खस्.

त्याला वाटलं, उंदीर. टीपकागद कुरतडत असेल. मग त्याच्या लक्षात आलं की आवाज गोल फिरतोय. लाकूड कागदावर गोल फिरवल्यावर येतो तसा.

सत्यशीला शेजारी झोपली होती. त्याने तिला उठवलं नाही. टॉर्च घेतला. दुकानाच्या दारापर्यंत गेला. पडदा होता मध्ये.

खस्... खस्...

दुकानाचं शटर आतून बंद होतं. कुलूप त्यानेच लावलं होतं. किल्ली त्याच्या कमरेला.

पडदा बाजूला केला. टॉर्च पेटवला नाही... धीर झाला नाही. रस्त्यावरच्या दिव्याची एक तिरीप शटरच्या फटीतून टेबलावर पडली होती. तेवढ्यात जे दिसलं ते दिसलं.

ठोकळे जमिनीवर होते. शेजारी शेजारी. नीट.

काच भिंतीला टेकवलेली.

टेबलापाशी कुणी नव्हतं.

आवाज थांबला नाही.

ओल्या शाईचा वास येत होता. शाई तर दोन वर्षांपूर्वीच वाळलेली. आणि वरचा टीपकागद... मधोमध दबत होता. एका जागी. मग थोडा पुढे. मग थोडा पुढे.

हरिदासला पळायचं होतं. पाय उचलले नाहीत. तो मला म्हणाला, "वामनराव, भेव वाटलं ते पहिल्या मिनिटाले. मंग मले ते घासनं ऐकू आलं. कशी घासत होती सांगू? जपून. आईच्या डोक्याले तेल लावते तसं." हे सांगताना तो रडला. मीही रडलो, लपवत नाही.

तो उंबऱ्यात खाली बसला. मग म्हणाला,

"चुकलो, पोरी."

आवाज थांबला.

एकदम. मिलसुद्धा थांबल्यासारखी वाटली. टेबलाकडून काहीतरी त्याच्याकडे बघतंय, असं त्याला वाटलं. किती वेळ... माहीत नाही.

मग पुन्हा, हळू...

खस्... खस्...

साडेपाचला फटीतून उजेड आला तेव्हा सगळं शांत होतं. चाटू चित्राशेजारी पडलेला. हरिदासने टीपकागद उचलला नाही. जे असेल ते आधी आईच्या हाताला लागू दे, म्हणाला.

आठ वाजता ती दोघं आली. त्याने टीपकागद काढला, चित्र उलटवून बाईच्या समोर ठेवलं आणि तिचा हात धरून त्यावर ठेवला. बोटं वेणीवर पडली. एक पेड, दुसरा पेड. वेणीवरून बोटं खांद्यावर गेली, गळ्यावर, हनुवटीवर. ओठ. नाक. प्रत्येक ठिकाणी ती जरा थांबत होती, भाकरी भाजली का ते पाहावं तशी. मग डोळ्यांवर आली आणि तिथेच राहिली.

"हे पहिले असं नव्हतं," गोकुळाबाई म्हणाली.

हरिदास टेबलावर वाकला.

"पहिले डोळे उघडे होते तिचे." तिची बोटं एका डोळ्यावरून दुसऱ्यावर गेली. "मिटले." मग कितीतरी वेळाने, अगदी सावकाश, "मिटले होते तं. झोपली माही बाई."

आणि ती टेबलावर डोकं ठेवून रडली. वर्षभराचं रडली. मनसाराम चित्राकडे बघत उभा होता. तो दबक्या आवाजात म्हणाला, "भाऊ, डोळे तं उघडेच दिसून राह्यले मले." हरिदासलाही उघडेच दिसत होते. शाईत काहीच बदललं नव्हतं, तीच पोरगी, तशीच सरळ बघणारी. मग त्याने स्वतःचे डोळे मिटले आणि बोट ठेवलं.

गेल्या उन्हाळ्यात मी मूलकडे गेलो तेव्हा वाट वाकडी करून त्यांच्या घरी गेलो. चित्र भिंतीवर आहे, काच लावलेली नाही. बाईने चहा दिला, बघा म्हणाली. मी बघितलं. पोरगी माझ्याकडे बघत होती. मग मी डोळे मिटून तिच्या डोळ्यांवरून बोट फिरवलं, आणि मला दोन पापण्या लागल्या, खाली ओढलेल्या, पापण्यांच्या केसांसकट.