मुका झालेला ब्रेक

“आमच्या मालकांनी काही केलेलं नाही. पण केलं म्हणून तेच कबूल करून बसलेत. आता मी कुणाच्या पाया पडू?”

मंजुळाबाई उंबऱ्यातच बसली. दापोडीहून चिंचवडपर्यंत ती पायी आली होती. मारुतरावांनी, म्हणजे चिंचवडात खाजगी तपासाची पाटी लावणाऱ्या एकमेव इसमानं, तिला पाणी दिलं. शेजारी त्यांचे स्नेही दत्तोबा, निवृत्त ड्रॉइंगमास्तर, चहात पाव बुडवत होते. तो बुडालाच.

हकीकत अशी. तिचा नवरा ज्योतीराम मोटारसायकली दुरुस्त करी. चिंबळीचा बन्सी हा त्याचा गिऱ्हाईक. बन्सीनं बैलजोडी विकून लष्कराच्या भंगारातली एक धिप्पाड मोटारसायकल घेतली होती आणि तिच्यावर दुधाचे चार कॅन लादून तो रोज पिंपरीला यायचा. एवढं वजन जुन्या ब्रेकला पेलेना. म्हणून ज्योतीरामनं पुढच्या चाकाला दुसऱ्या गाडीच्या ब्रेकचा मोठा ड्रम बसवला, आतल्या पट्ट्यांना नवं अस्तर ठोकलं, आणि ड्रम तापू नये म्हणून त्याच्या झाकणाला हवेची चार भोकं पाडून वर जाळी लावली.

आठ दिवसांनी, भादवी पोळ्याच्या सकाळी, इंद्रायणीच्या उतारावर तोच ब्रेक लागला नाही. बन्सी पुलाच्या कठड्यावर आदळून जागीच गेला.

“पोलिसांनी ड्रम उघडला तेव्हा यांना समोर उभं केलं होतं. आत सगळा ओशटपणा. यांनी नुसतं पाहिलं आणि म्हणाले, माझ्याच हातनं ग्रीस सांडलं. साहेब, अस्तराला हात लावण्याआधी हा माणूस सोड्यानं हात धुतो! मी भाकरीला तूप लावून आले तर मला गॅरेजात पाऊल टाकू देत नाहीत. उद्या दुपारी कोर्टात उभं करणार. तिथंही हेच बोलले तर संपलं सगळं.”

“तुमचा संशय कुणावर?”

“बन्सीचा चुलतभाऊ, गेनबा. बांधावरून दोघांची मारामारी झाली होती.”

मारुतरावांनी टोपी उचलली.

चौकीत फौजदारांनी ब्रेकच्या पट्ट्या टेबलावर ठेवल्या. “मागच्या चाकाची घसट रस्त्यावर वीस पावलं आहे. पुढच्याची नावालाही नाही. तार शाबूत, नट घट्ट. कुणी मोडतोड केलेली नाही. मिस्त्रीचा गलथानपणा, दुसरं काय?”

मारुतरावांनी पट्टी उजेडात धरली. अस्तर काळवंडलं होतं, पण रिव्हेटांच्या खळग्यांत पिवळा चिकटा राहिला होता. त्यांनी ती दत्तोबांच्या नाकाखाली नेली. दत्तोबांचं डोकं सावकाश चालतं. नाक मात्र तल्लख, त्यातून स्वयंपाकघराच्या बाबतीत.

“जळका वास येतोय. हसू नका मारुतराव, पण मला पुरणपोळीच आठवली.”

“तुम्हाला दिवसातून चारदा आठवते,” मारुतराव म्हणाले. पण पट्टी त्यांनी पुन्हा हुंगली.

कोठडीतला ज्योतीराम भिंतीकडं तोंड करून बसला होता.

“ग्रीस कुठलं वापरता?”

“काळं. सगळेच वापरतात.”

“नवा ब्रेक ओरडत होता?”

“नवं अस्तर ओरडतंच. घासून बसलं की थांबतं. पंधरा दिवस कळ काढ, असं बन्सीला बोललो होतो.”

“काय पाहिलंत त्या ड्रममध्ये?”

“माझी चूक पाहिली. जावा आता. आणि तिला सांगा, माहेरी जा म्हणून.”

त्यांच्याबरोबर आलेल्या मंजुळाबाईनं दारातून ते ऐकलं. तोंडात पदर कोंबून ती बाहेर पळाली. दत्तोबांना तिच्याकडं बघवेना.

चिंबळीला जाताना मारुतरावांनी तिला पुलाशीच थांबवलं. मयताच्या घरी ज्योतीरामची बायको कशी न्यायची? गेनबा गावाच्या तोंडाशीच भेटला. डोळे सुजलेले, आवाज चढलेला.

“भांडलो, व्हय, भांडलो! म्हनून भावाला मारीन व्हय मी?”

“आदल्या दिवशी गाडीला हात लावलास?”

“कसा लावीन? चुलती, बन्सीची आय, गाडी गोठ्यात ठिवती, बैलाच्या जागंवर. जवळ फिरकू देत न्हाई कुनाला. आमाला तर ती गाडी निस्ती आवाजावरनं ठाव. रोज पहाटं बोळाच्या उतारावर ब्रेक दाबला की अशी केकाटायची, समदी आळी जागी व्हायची.”

“आणि पोळ्याच्या दिवशी?”

गेनबा थबकला. “न्हाई बा. त्या दिशी आवाजच न्हाई. मला वाटलं, सनाचा राह्यला आसंल घरी.”

बन्सीची आई पुतळाबाई गोठ्याच्या दाराशी बसली होती. घरात दुसरं कुणी नव्हतं. गव्हाण रिकामी, खुंटीला बैलांच्या घुंगुरमाळा, खाली एक पितळी वाटी. मारुतरावांनी हात जोडले.

“त्या मिस्त्रीला सोडू नगा,” म्हातारी म्हणाली. “माजा येकुलता ल्योक खाल्ला त्यानं. चांगली गाडी, तिचं चाक सोलून ठिवलं. आठ दिस रडत व्हती बापडी.”

“रडायची?”

“खांदा सोललेला बैल जू ठिवल्यावं कसा कन्हतो? तशी. माज्यानं ऐकवना.”

“निघताना बन्सी काही बोलला?”

“अंगनात ब्रेक दाबून बगितला अन् हसला,” ती म्हणाली. “म्हनला, आये, आज गाडी वरडत न्हाई बग.” तिनं दोन्ही हातांनी तोंड झाकलं. तिच्या नखांच्या कडा पिवळ्या होत्या.

मारुतरावांनी खुंटीखालच्या वाटीकडं पाहिलं आणि ते उठले. दोघं पुलाकडं परतले. कठड्याशी मंजुळाबाई उभी होती. “गेनबाच ना?” तिनं विचारलं.

“नाही. ज्याला घात करायचा तो तार कापतो, नट सैल करतो. इथं सगळं जागच्या जागी होतं. मागच्या चाकाची घसट होती, म्हणजे बन्सीनं ब्रेक वेळेवर दाबले. पुढच्या चाकाचं अस्तर तेवढं बुळबुळीत झालं होतं.”

“ग्रीसनं,” दत्तोबा म्हणाले.

“ग्रीस काळं असतं, दत्तोबा. खळग्यांत पिवळं होतं. तुमच्या नाकानं मला वाट दाखवली. पुरणपोळीवर काय घेता?”

“तूप,” दत्तोबा म्हणाले आणि त्यांचा चेहरा पडला.

“तूप आणि हळद. नवा ब्रेक आठ दिवस केकाटत होता. पोळ्याच्या पहाटे तो गप्प होता, म्हणजे तूप आदल्या संध्याकाळीच पडलं. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी शेतकऱ्याच्या घरी काय असतं?”

“खांदेमळणी,” मंजुळाबाई पुटपुटली. तीही शेतकऱ्याचीच लेक. “बैलाचे खांदे तूप-हळदीनं चोळायचे. आणि उद्या जेवायला ये म्हणून आवतण द्यायचं.”

“बैल विकलेले. त्यांच्या जागेवर गाडी. तिचं चाक दुखतंय, अशी म्हातारीची समजूत. झाकणाला चार भोकं. पातळ तूप जाळीतून आत गेलं, ब्रेक मुका झाला. बोळाच्या छोट्या उतारावर मागच्या ब्रेकनं भागलं. नदीच्या उतारावर भागलं नाही.”

मारुतरावांनी कठड्यावरून खाली नदीकडं पाहिलं.

“आणि गाडी बैलांच्या जागी उभी असते हे ज्योतीरामला बन्सीकडून ठाऊक असणार; त्यानं पिवळा चिकटा पाहताक्षणी ओळखलं. त्या बाईचा मुलगा तिच्याच हातानं गेला, हे तिला कळू नये म्हणून त्यानं गुन्हा अंगावर घेतला.”

“आणि मला?” मंजुळाबाई ओरडली. “मला विचारलं त्यांनी? तिच्यासाठी मला उघड्यावर टाकायचं?”

मारुतराव म्हणाले, “फौजदारांना सांगून मी त्याला सोडवू शकतो. पण मग ही गोष्ट तिला चावडीवरून कळेल. म्हणून आधी तुम्हाला सांगितलं. ठरवायचं तुम्ही.”

मंजुळाबाईनं पदर खोचला. मग एकटीच चिंबळीच्या वाटेला लागली. ते दोघं तिच्या मागं गेले.

तिनं म्हातारीशेजारी जमिनीवर बसून सांगितलं, एकही शब्द न गाळता. पुतळाबाईनं आधी तिला मारायला हात उगारला. मग तो हात तिनं स्वतःच्या डोळ्यांसमोर धरला आणि नखांकडं बघत राहिली.

“वाटी भरून वतलं,” ती म्हणाली. “चाकाला कमी नगं म्हनून.”

दत्तोबा अंगणात जाऊन रडले. मारुतरावांना आयुष्यात प्रथमच आपलं डोकं चालल्याचा राग आला.

म्हातारी उठली. खुंटीखालची वाटी तिनं पदरात बांधली.

“मी आवतन दिल्यालं, सनाला जेवाया कुनीच आलं न्हाई. चल पोरी, दाव मला चौकी. तुजं मानूस तरी घरी जेवाया येऊ दे.”

मंजुळाबाईनं तिचा हात धरला. पूल आला तेव्हा तिनं तो अधिक घट्ट धरला.