रोज बघणारं यंत्र

"रोज बघणाऱ्याला उतरण दिसत नाही, मॅडम. ती पाहुण्याला दिसते."

मालनताई जगदाळेंनी हे सांगितलं तेव्हा ऋजुता स्वतः बनवलेल्या स्पंदनपट्टीची चाचणी घेत होती. तिने मानसुद्धा वर केली नाही. "यंत्राला दिसतं, ताई. यंत्र काही विसरत नाही."

मालनताई नगरपालिकेच्या घरपोच सेवेत बावीस वर्षं होत्या. एकट्या म्हाताऱ्यांना, अपंगांना अंघोळ घालणं, औषधं देणं हे त्यांचं काम. आता त्या लेकीच्या बाळंतपणाला नांदेडला निघाल्या होत्या. "बरं," एवढंच म्हणून त्या गेल्या.

स्पंदनपट्टी उंबऱ्यालगत फरशीत बसवलेली असे. पावलांच्या कंपनांवरून माणूस कुठल्या खोलीत किती वेळा आणि किती वेगाने गेला, हे तिला कळे. कॅमेरा नाही, त्यामुळे कुणाला संकोच नाही. त्यातून माणसागणिक 'सवयलेख' तयार होई. आजचा दिवस मागच्या तीस दिवसांहून फार वेगळा दिसला, की नगरपालिकेच्या देखरेख कक्षातला त्याचा हिरवा दिवा लाल होई आणि सेविका धावे. पहिली पट्टी ऋजुताने स्वतःच्याच घरी बसवून पाहिली होती. सासूबाई आणि रांगती लेक इरा दिवसभर घरीच असत. मग शहरातली चारशे बारा घरं जोडली. चार महिन्यांत यंत्राने घरात पडलेली तीन माणसं वेळेत हेरली. लेकीचा श्वास चालू आहे ना, हे झोपेतून उठून तपासणारी ऋजुता यंत्रावर मात्र निर्धास्त होती.

पाचव्या महिन्यात मालनताई परतल्या. कक्षात हजेरी लावून त्या थेट एकट्या राहणाऱ्या भास्करकाका तांबटांकडे गेल्या, आणि दहाच मिनिटांत त्यांचा फोन आला.

"मॅडम, काकांचा दिवा कसा आहे?"

"हिरवा. का?"

"मग तो दिवा घेऊन इकडेच या. काका ओळखू येईनात."

काका खाटेवर होते. ओठ फुटलेले, गाल आत गेलेले. ऋजुताला पाहून ते उलट समजूत घालू लागले.

"काही नाही गं. पोलिओचा पाय, त्यात दुसरा गुडघा गेला. मोरीपर्यंतच्या फेऱ्या नकोत म्हणून पाणी कमी केलं. एकदम नाही हां! आठवड्याला अर्धं भांडं कमी. चाळीस वर्षं कंपाउंडर होतो, कुठलीही गोष्ट एकदम तोडायची नसते, एवढं कळतं मला."

"कंपाउंडर होतात, डॉक्टर नव्हतात!" मालनताई कडाडल्या आणि चमच्याने पाणी पाजू लागल्या. ॲम्ब्युलन्स आली. आणखी दोन दिवस गेले असते तर मूत्रपिंडं हातची गेली असती, असं दवाखान्यात सांगितलं.

संध्याकाळी कक्षात ऋजुताने काकांचा सवयलेख उघडला. "बघा ताई, मोरीच्या फेऱ्या अकरावरून तीनवर आल्यात. पण एकही दिवस त्याच्या आधीच्या तीस दिवसांपेक्षा फारसा वेगळा नाही. यंत्र रोज शिकत होतं, म्हणून ते काकांच्या आजारालाच सवय समजायला लागलं."

"तेच तर. सकाळी तुमच्या मोबाइलवर इराचा फोटो बघून मी म्हटलं, केवढी वाढली! तुम्ही म्हणालात, कुठे, आहे तेवढीच आहे."

ऋजुता थबकली. मग सरळ बसली आणि झरझर टाइप करू लागली. नव्या आज्ञावलीचं नाव तिने 'पाहुणालेख' ठेवलं. ती आजची तुलना मागच्या तीस दिवसांशी करत नव्हती, पट्टी बसवली त्या पहिल्या महिन्याशी करत होती. जणू कुणी तेव्हा येऊन गेलं होतं आणि थेट आजच परत आलं होतं.

तासाभरात पडद्यावर काकांखेरीज आणखी नऊ दिवे लाल झाले. मालनताईंनी सेविकांना फोन करायला यादी पुढे ओढली.

"पहिल्यापासून घेते. घर क्रमांक एक. हे कुणाचं हो?"

ऋजुताने तो लेख उघडला. घर क्रमांक एक. दिवसा घरात असणाऱ्या मोठ्या पावलांचा वेग निम्म्यावर. तिने पर्स उचलली.

किल्ली हातात असूनही तिने बेल वाजवली आणि कान दिला. आतून पावलं निघाली, थांबली, पुन्हा निघाली. दार उघडलं तेव्हा सासूबाईंचा एक हात भिंतीवर होता.

"किल्ली विसरलीस होय?"

"नाही आई. आज पाहुणी म्हणून आलेय. बसा, पाय बघू तुमचे."

सुजलेल्या घोट्यावर बोट दाबलं तिथे खळगा पडला आणि तसाच राहिला.

"कधीपासून हो?"

"अगं, हळूहळूच... आणि तू रोज बघतेसच की."

दुसऱ्या दिवशी तपासणीत हृदय थकल्याचं निघालं. लवकर कळलं, गोळ्यांनी आटोक्यात राहील, असं डॉक्टर म्हणाले. उरलेल्या आठही घरी सेविका त्याच दिवशी पोचल्या. काका आता भांडी मोजून पाणी पितात आणि मालनताईंची बोलणी खातात.

तुमचं घर ऋजुताच्या यादीत नाही. म्हणून एक करा. जे माणूस तुम्हाला रोज दिसतं, त्याच्याकडे आज किल्ली न लावता जा. बेल वाजवा, आणि दार उघडायला किती वेळ लागतो ते ऐका.