भिंतीला लटकलेली होडी

मासेमार गिरेकची होडी धक्क्याच्या भिंतीला लटकलेली सापडली तेव्हा पूर्ण ओहोटी होती. दोन्ही दोर ताणलेले, होडीचा तळ हवेत, आत चिटपाखरूही नाही. शेजारच्या होड्या खाली चिखलात निवांत टेकल्या होत्या.

होडी आली म्हणजे माणूस बंदरापर्यंत आला, मग बुडाला तोही इथेच, असं सगळ्यांनी गृहीत धरलं. पाणबुडे बंदराच्या मधल्या खोल पाण्यात शोधायला उतरले. संशय गेला धाकट्या भावावर, मालोवर. आमच्या पोर्लेन गावाला गुन्हेगार ठरवायला वेळ लागत नाही.

"काल भांडलात?" पोलीस अधिकारी नोल्वेननं विचारलं.

"हो. शेवंडांचे पिंजरे रोज रिकामे निघायचे. मीच चोरतो म्हणाला."

"चोरत होतास?"

"सख्ख्या भावाचे?" मालोचा आवाज फाटला.

गिरेकची बायको आझेनोर नोल्वेनचा हात सोडेना. "ताई, समुद्रात शोधा ना! दुपारी उधाणाची भरती आहे. कुठे खडकावर अडकला असेल तर..."

"मग होडी काय पोहत आली?" गर्दीतून कुणीतरी टोमणा मारला. आझेनोर तरीही समुद्राकडेच बोट दाखवत राहिली.

पलीकडची मरिना, म्हणजे शहरी लोकांच्या हौशी नौकांचा तळ, नोव्हेंबरात ताडपत्र्यांखाली झोपलेली. नौकांचे मालक शहरात, तिथे रोज असायचा तो एकटा राखणदार फाब्रिस. तो सगळ्यांसाठी कॉफी घेऊन आला.

"बिचारा गिरेक! दोर कापून होडी खाली घेऊ का, बाई?"

"थांबा. तुमच्याकडे नौका केवढ्या दोरानं बांधता?"

"हातभर. जास्त कशाला? आमचा धक्का तरंगता. पाणी चढलं की तोही चढतो."

"आणि या दगडी भिंतीला?"

फाब्रिस उरलेले पेले वाटायला वळला.

"इथे पाणी सहा मीटर उतरतं," नोल्वेन म्हणाली. "मासेमार दारू पिऊन आला, भावाशी मारामारी करून आला, तरी दोर ढिलाच सोडतो, नाहीतर ओहोटीत होडी अशी लटकते. हात आपोआप सोडतात. मालो तर याच भिंतीवर वाढला. ही होडी बांधली मरिनातल्या हातांनी, पहाटे, ओहोटी अर्धीच झालेली असताना. आणि या दिवसांत तिथे हात एकाच माणसाचे आहेत. पिंजरे तू रिकामे करत होतास. गिरेकनं तुला पकडलं. शोध बंदरातच व्हावा म्हणून होडी आणलीस, तुझी छोटी डिंगी मागे बांधून. तो कुठे आहे?"

"मी मारलं नाही त्याला! झटापटीत पाण्यात पडला, खडकावर चढला..."

"कुठल्या खडकावर?" आझेनोर किंचाळली.

"काळ्या दातावर."

पाणी चढू लागलं होतं. दुपारी त्या खडकाचं टोकही उरत नाही. मासेमारांच्या होड्या चिखलात रुतलेल्या, बचावाचं हेलिकॉप्टर यायला अजून वेळ. लगेच निघू शकेल अशी तरंगत होती ती फक्त फाब्रिसची डिंगी.

मालो तिच्याकडे धावला. मघाशी त्याला शिव्या घालणारे दोघे मागोमाग उडी मारून बसले.

मग आझेनोर धक्क्यावर उभी राहिली. पाणी भिंत चढत राहिलं, लटकलेली होडी पुन्हा तरंगू लागली.

डिंगी परतली. तळाशी गिरेक, निळा पडलेला, ब्लँकेटात गुंडाळलेला. छातीपर्यंत पाणी आलं तेव्हा तो हाती लागला होता. आझेनोर पायऱ्या उतरत वेड्यासारखी रडत होती.

मालो डिंगी बांधू लागला. गिरेकनं डोळे किलकिले केले.

"दोर ढिला सोड रे."

"माहीत आहे मला," मालो म्हणाला, आणि हुंदके देत त्यानं दोर आणखी सोडला.