"कोण होतं गं?"

खोटं वाटेल, पण भक्तीला ओळखणारं कुणीही सांगेल, ही पोरगी थापा मारणाऱ्यातली नाही. घडलं ते गेल्या वर्षी, सोनपेठला, तिच्या राहत्या घरात. तेही रात्री नाही, भर दुपारी.

बोललेलं मराठी ऐकून ते जसंच्या तसं लिहून काढणारा एक प्रोग्रॅम काही मंडळी मिळून फुकटात बनवत होती. कोड सगळ्यांना खुला. भक्तीला त्यांच्यात जायचं होतं. अट एकच... आधी तो सगळा पसारा आपल्या लॅपटॉपवर मांडायचा आणि चालवून दाखवायचा.

सकाळपासून ती त्याच्यामागे लागली होती. एक एरर मिटवावी तर दुसरी दारात हजर. आई वालूरला भावाकडे निघाली.

"येते गं," म्हणाली.

भक्तीने मान वर केली नाही.

दुपारी पुण्याची निकिता व्हिडिओ कॉलवर आली. टीममध्ये कुणाला घ्यायचं ते तीच ठरवायची. तिच्यासमोर भक्ती फार जपून बोलायची. एखादं हाय-न्हाई निसटलं तर काय, याचीच धास्ती.

शेवटची कमांड चालली. लाल अक्षरं संपली. माइक सुरू झाला.

"बोल काहीतरी," निकिता स्पीकरवरून म्हणाली.

तेवढ्यात मागून आवाज आला...

"भक्ते, जाते गं."

आईच होती. एसटी चुकली असेल, भक्तीला वाटलं. आणि तिची कानशिलं तापली. हा असला गावठी आवाज, तोही नेमका आत्ता.

"कोण होतं गं?" निकिताने विचारलं.

"कोणी नाही. कामवाली आहे."

बोलून गेली. आधी आईची लाज वाटली होती, आता स्वतःची वाटायला लागली.

तिने स्क्रीनकडे पाहिलं. "बोल काहीतरी" लिहिलेलं होतं. खाली लगेच "कोण होतं गं". त्याखाली तिचं उत्तर, अगदी बिनचूक.

मध्ये आईचं वाक्य हवं होतं, तिथे... काहीच नव्हतं.

"चाललं की. आलीस टीममध्ये," निकिता म्हणाली.

तेव्हा कुठे भक्तीच्या ध्यानात आलं. घरातून निघताना आपल्याकडे कुणी "जाते" म्हणतं का? आई तर कधीच नाही. दुसरं कुणी चुकून म्हणालं तरी ती दारात अडवायची, "येते म्हण" म्हणायची.

भक्ती उठून दाराशी गेली.

आई गेल्यावर तिनेच आतून लावलेली कडी तशीच होती.

फोन वाजला. वालूरहून सिताराममामा.

"भक्ते... आक्का गेली गं. वसरीवर च्या प्यायला बसली व्हती. तुझंच सांगायलती, पोरगी लय मोठं काम करायलीय म्हणून. अन् बसल्या बसल्या..."

पुढचं तिला ऐकू आलं नाही.

भेटायला येणारा प्रत्येकजण विचारायचा, शेवटचं काही बोलली का तुझ्याशी? भक्ती मान हलवून नाही म्हणायची. दुसरं काय सांगणार होती?

दिवसपाणी उरकल्यावर तिने लॅपटॉप उघडला. नेट बंद, पंखा बंद, घरात ती एकटी. प्रोग्रॅम सुरू केला आणि गप्प बसून राहिली.

कुणी बोललं नाही.

तरी स्क्रीनवर अक्षरं उमटली...

"कामवाली हाय. येऊ का आत?"

तिने सगळं पुसलं. पहिल्यापासून पुन्हा मांडलं. पुन्हा तेच वाक्य. मग निकिताला फोन करून रडत सांगून टाकलं, ती माझी आई होती. निकिताने आपल्याकडेही तोच प्रोग्रॅम चालवून पाहिला. तिच्या लॅपटॉपवर असलं काही कधी येत नाही.

भक्तीच्या लॅपटॉपवर अजून येतं. ती दर वेळी मोठ्याने म्हणते, "ये ना, आई."

प्रोग्रॅम आता कुजबुजसुद्धा लिहून घेतो. पण तिचं हे वाक्य... त्याने आजवर एकदाही लिहिलेलं नाही.