या हो, जेवाले बसा

तुम्ही जंगलातलं गाव उठवलं. तिथं सिमेंटची बाकं टाकली, ‘विश्रांती स्थळ’ अशी पाटी ठोकली. आणि त्या जागेबद्दल जे तुमच्या जंगल चौकीवरच्या माणसाला ठाऊक होतं, ते आमच्यापासून लपवलं. नाव घेत नाही. कोणाला म्हणतोय ते तुम्हाला बरोबर कळतं.

खालचा शब्द न् शब्द खरा आहे. संध्या माझी मावसबहीण. तिनं रडत सांगितलं, तसंच लिहितोय.

डिसेंबरातला पहिला रविवार. अकोल्याहून पहाटे निघालेली गाडी सेमाडोहच्या पुढं जंगलात शिरली होती. गाडीत संध्या, तिचा नवरा स्वप्निल, सासरे देवराव, सासू चतुराबाई आणि पाच वर्षांची गीतांजली. दुपारचा एक वाजलेला. पोटात कावळे ओरडत होते. पाटी दिसली, गाडी थांबली.

मोहाच्या झाडाखाली सतरंजी पडली. बाजूला फुटकं जातं आणि चुलीचे तीन दगड. इथं कोणाचं तरी घर असेल, एवढं बोलून देवरावांनी ठेच्याचा डबा उघडला.

चतुराबाईंनी पहिला घास मोडला, आणि मागं सागाची वाळकी पानं वाजली... चर्र... चर्र...

कोणीतरी चालत येत होतं.

आपल्याकडं जेवताना कोणी आलं, की मान वर करायच्या आधीच तोंडातून बोलावणं निघतं. वैरी का असेना. चतुराबाईंच्याही निघालं.

“या हो, जेवाले बसा.”

पावलं थांबली.

मागं कोणीच नव्हतं.

म्हातारी आता वाघालेही पंगतीत बसवते, म्हणून देवरावांनी टिंगल केली. सगळे हसले. हसू ओसरलं तेव्हा संध्याच्या ध्यानात आलं... पाखरं गप्प झाली होती. समोरच्या झाडावरची माकडं कधी गेली, कळलंच नाही.

मग पानं पुन्हा वाजली.

या वेळी चारही बाजूंनी...

पावलं सतरंजीपाशी यायची आणि थांबायची. यायची आणि थांबायची. एकेकानं येऊन मांडी घालावी तशी.

गीतांजलीनं आईला कोपरानं ढोसलं.

“आई, सरक ना. त्याईले जागा पुरून नाई राहिली.”

संध्यानं लेकीला उचललं ते थेट गाडीत. देवराव मागोमाग. चतुराबाई मात्र उठेनात. हातातला घास त्यांनी खाली ठेवला होता. भाकरीचे तुकडे मोडून सतरंजीच्या काठाकाठानं मांडत होत्या.

स्वप्निलनं दंड धरला. “माय, ऊठ. चाल.”

“बलावलं म्या. त्याईच्या आधी मी कशी उठू?”

त्यानं आईला उचलून गाडीत घातलं. डबे, सतरंजी तिथंच राहिली.

पुढच्या जंगल चौकीवर गाडी थांबली. तिथल्या माणसानं यांचे चेहरे पाहिले आणि हळूच विचारलं, “तिथं जेवाले तर नाई ना म्हटलं कोणाले?”

स्वप्निल त्याच्या अंगावर धावून गेला. पाटीवर लिहायला काय झालं होतं? वरून सांगू नका म्हणतात, लोक यायचे बंद होतील, एवढंच तो बोलला.

त्या दिवसापासून चतुराबाईंच्या पोटात घास गेलेला नाही. ताट वाढून घेतात, पुढं सारतात आणि बसून राहतात. दूध, पाणी, सलाईन यांवरच आहेत. डॉक्टर म्हणतात, रिपोर्ट चांगले आहेत.

रोज संध्याकाळी, अकोल्यातल्या घरी, तिसऱ्या मजल्यावरच्या स्वच्छ फरशीवर... एक वाळकं पान वाजतं. दाराकडं जाणारं.

मग चतुराबाई म्हणतात, “आजचा एक जेवून उठला.”

आज सव्वीस दिवस झाले. सव्वीस उठले. अजून किती बसलेत, असं संध्या विचारते. सासूला मोजता येत नाही. एकाच्या मागं दुसरा दिसतो म्हणतात.

कालपासून त्यांना ताटावर बसवावं लागतंय. पाठीला स्वप्निलचा टेकू असतो.

गाव उठवलं तेव्हा तुम्ही घरटी माणसं लिहून नेली होती; मग नव्या जागी ती उपाशी मेली. तो कागद तुमच्याकडंच आहे.

सांगा. किती माणसं होती त्या गावात?