गौरी बसली झोपाळ्यात

"खाडीवर जायचं म्हणजे जायचं!" मधूने पेरूच्या झाडावरूनच हुकूम सोडला. "काळुराम होडी देतो म्हणालाय. उद्या सकाळीच निघू!"

"अन् तुझ्या बाबांना काय सांगायचं?" खालून शेजारची शकू ओरडली.

"सांगायचं कशाला? ते आपल्याला विचारून काही करतात का?"

उत्तरा हसली खरी, पण तिचं लक्ष नव्हतं. घराच्या मागच्या खोलीतून सकाळपासून एकच वाक्य ऐकू येत होतं. "गौरी बसली झोपाळ्यात. गौरी बसली झोपाळ्यात." जरा थांबायचं, की पुन्हा सुरू. तो आनंद होता, तिचा सात वर्षांचा भाऊ. आणि त्या खोलीला बाहेरून कडी घातलेली होती.

आज घरी चैत्रगौरीचं हळदीकुंकू होतं. निम्म्या डोंबिवलीतल्या बायका यायच्या होत्या, आणि आनंद त्यांच्या नजरेला पडता कामा नये, असं त्र्यंबककाकांनी बजावलं होतं. उत्तराचे बाबा नोकरीपायी मनमाडला, त्यामुळे घरात शब्द चालायचा तो काकांचा, म्हणजे मधूच्या बाबांचा.

आनंद कुणाच्या डोळ्यांत बघत नसे. विचाराल तेच परत म्हणे. "जेवतोस का?" म्हटलं, की "जेवतोस का?" स्टोव्ह भणभणला की कान दाबून किंचाळे. ताट रोजच्या जागेवरून हातभर सरकलं, तर उपाशी राही. अंगारे झाले, ताईत झाले, कल्याणच्या वैद्यांचे काढे झाले. त्याला काय झालंय ते कुणालाच सांगता येईना, पण नावं ठेवायला मात्र कुणी मागे राहिलं नाही. कालच काका आईला म्हणाले होते, "वहिनी, आणखी एक जरी तमाशा झाला, तर मी याला ठाण्याला नेऊन ठेवीन!" ठाण्याला म्हणजे कुठे, ते पोरांनाही ठाऊक होतं. वेड्यांच्या इस्पितळात!

थोड्या वेळाने मागचा आवाज थांबला, ते बोलण्याच्या नादात कुणाच्या लक्षातही आलं नाही, आणि मग घरातून आरोळी आली. "अगं बाई! गौर कुठे गेली?"

मधूने धाडकन उडी टाकली. तिघं धावत माजघरात शिरली. काकांनी हौसेने रचलेली पायऱ्यांची आरास जागच्या जागी होती. कलिंगडाची कमळं होती, रेशनची साखर साठवून केलेलं पन्हं होतं. फक्त सर्वांत वरच्या पायरीवरची चांदीची अन्नपूर्णा नव्हती! आणि मागच्या खोलीचं दार सताड उघडं होतं.

"त्या वेड्याने नेली!" काका गरजले. "टाकली असेल विहिरीत! वहिनी, कडी लावायला कशा विसरलात?"

"मी लावली होती हो," आई म्हणाली. तिच्याकडे कुणी बघितलंसुद्धा नाही.

विठ्ठल गड्याने विहिरीत गळ सोडला. काका काठावरून सूचना देत होते. हळदीकुंकवाला आलेल्या बायका माना लांब करून बघत होत्या. आणि उत्तराच्या एकदम लक्षात आलं. हा गळ अन्नपूर्णेसाठी होता! आनंद विहिरीत पडला असेल, असं कुणाच्या मनातही आलं नव्हतं. तिला इतकी चीड आली, की डोळ्यांत पाणी उभं राहिलं.

"रडत बसू नकोस," मधू हळूच म्हणाला. "आपण शोधू. पहिली गोष्ट, कडी कुणी काढली?"

"ही बघा सतरंजी!" शकूने ओसरीकडे बोट केलं. "सकाळी मागच्या खोलीत होती. आनंद तिच्यावर बसला होता, मी खिडकीतून बघितलं ना!"

मधूचा चेहरा पडला. "ती बाबांनी आणली. मघाशी मी पाहिलं त्यांना."

"ते नंतर!" उत्तरा म्हणाली. "तो गेला कुठे, ते सांगा. आणि गौर कशाला नेली?"

मग तिचं तिलाच उमगलं. महिनाभर गौर देवघरात पितळी झोपाळ्यात बसली होती. रोज पूजा झाली, की आई झोपाळ्याला हलका झोका देऊन म्हणायची, "गौरी बसली झोपाळ्यात." आनंद शेजारी बसून बघायचा. काल मात्र काकांनी गौर उचलून आराशीवर ठेवली. झोपाळा रिकामा झाला, म्हणून आईने तो ओळखीच्या सुमेधाकाकूंना दिला. त्यांच्या झोपाळ्याची साखळी तुटली होती, आणि त्यांचं हळदीकुंकू उद्या होतं. तो पोचवायला उत्तरा गेली, तेव्हा आनंद वाटभर रडत मागे आला होता. का, ते कुणाला कळलं नव्हतं.

"अरे, तो सकाळपासून ओरडून सांगत होता!" उत्तरा म्हणाली. "आपण त्याला बडबड म्हणत होतो! चला, सुमेधाकाकूंकडे!"

सुमेधाकाकूंचं घर रुळांच्या पलीकडे होतं. तिघं जीव घेऊन पळाली. फाटकाच्या अलीकडे काळुराम टोपली घेऊन येताना दिसला.

"आमचा आनंद दिसला का?"

"त्यो पोर? तिकरं गेला, गाडीच्या पाटाच्या अंगाला. हाक मारली, त ओ पन दिली नाय!"

ती फाटकाशी पोचली आणि जागीच थिजली. रुळांच्या मधोमध आनंद उकिडवा बसला होता. कान दोन्ही हातांनी गच्च दाबलेले, सदऱ्यात काहीतरी फुगीर. कल्याणच्या बाजूने मालगाडी शिट्ट्यांवर शिट्ट्या देत येत होती. फाटकवाला निशाण हलवत बोंबलत होता, "ए पोरा! हट! हट!"

"आनंद! ऊठ! पळ!" मधूने बेंबीच्या देठापासून आरोळी ठोकली. आनंदने डोकं गुडघ्यांत घातलं.

"ओरडू नका कुणी!" उत्तराने मधूच्या तोंडावर हात ठेवला. "आवाजानेच तो बसलाय!"

ती रुळांवर गेली. धरायला जावं, तर तो आडवा पडला असता. आवाज तिने आईसारखा ठेवला. "गौरी बसली झोपाळ्यात." त्याच्यासमोरून ती काकूंच्या घराच्या दिशेने हळूहळू चालू लागली. "गौरी बसली झोपाळ्यात."

आनंदने मान वर केली. उठला. कानांवरचे हात न काढता तिच्या मागोमाग निघाला. दोघं खाली उतरली आणि मागून गाडी धडधडत गेली. उत्तरा थांबून गाडीकडे बघत राहिली. आनंद मात्र थांबला नाही. सुमेधाकाकूंच्या घरात शिरून त्याने सदऱ्यातली अन्नपूर्णा काढली, झोपाळ्यात बसवली आणि एक हलका झोका दिला.

"अगो बाई, एवढ्यासाठी आला?" काकूंनी पदर डोळ्यांना लावला. "झोपाळा घेऊनच जा गं. माझी गौर पाटावर बसेल."

घरी जल्लोष झाला! काकांनी पोरांच्या पाठी थोपटल्या. "शाब्बास रे पठ्ठ्यांनो! देवी सापडली! घराण्याची अब्रू राखलीत!" बायकांनी कौतुकाने पन्ह्याचे पेले पुढे केले. काकांनी गौर झोपाळ्यातून उचलली आणि पुन्हा आराशीवर ठेवली. आनंद किंचाळला.

"आम्ही देवीला शोधत नव्हतो, काका," उत्तरा म्हणाली. "आनंदला शोधत होतो. तो गाडीखाली जाणार होता. आणि सतरंजी घ्यायला कडी कुणी काढली?"

"मोठ्यांना उलट बोलतेस?"

"बाबा, मी पाहिलं तुम्हाला," मधू म्हणाला.

काकांनी घसा खाकरला. "बरं, बरं. ठाण्याचं पुढच्या महिन्यात बघू. आता त्याला आत नेऊन बसव. बायका अजून जायच्यात."

उत्तराने आनंदला आत नेलं. पन्ह्याचे पेले तसेच ठेवून मधू आणि शकूही तिच्या मागे शिरली. दाराला आतूनही एक कडी होती. ती उत्तराने लावली.

बऱ्याच वेळाने थाप पडली. "उत्तरा, उघड. मी आहे."

"बायका गेल्या?"

"नाही," आई म्हणाली. "बसल्यात अजून. बसू देत."

उत्तराने दार उघडलं. आईच्या हातात झोपाळा होता आणि झोपाळ्यात गौर होती. ओसरीवर काका काहीतरी ओरडत होते. आई आत आली, दार लावलं आणि आनंदशेजारी जमिनीवर बसली. त्याने तिच्याकडे बघितलं नाही. झोपाळ्याला झोका देऊन तो म्हणाला, "गौरी बसली झोपाळ्यात."

"हो रे बाळा," आई म्हणाली, "बसली."