नववा तुकडा

नरसिंहपूरच्या अलीकडे, नीरेच्या काठाला आमच्या उपसा योजनेची विहीर आहे. मोटारीचं बटण मात्र अर्ध्या कोसावरच्या खोलीत. तिथं मी बसतो. विहिरीतली जाळी साफ करायला माझा धाकटा भाऊ आबाजी उतरतो. तो आत असताना मोटार लागली, तर पाण्याची ओढ त्याला जाळीवर दाबून धरेल. म्हणून आत कॅमेरा बसवला. फोटोत शिडी मोकळी दिसली की मगच बटण दाबायचं.

आलेला फोटो दाखवणारा डबा माझ्या खोलीत बसवायला जळोचीची अश्लेषा आली होती. तिनं मला समजावलं, "तात्या, फोटो मोठा, म्हणून त्याचे आठ तुकडे होऊन येतात. वरून खाली, नंबर घालून. डबा ते जोडतो. तीस सेकंदांत आठही आले नाहीत, तर आलेले टाकून देतो."

मला वाईट वाटलं. "आलेल्यांचा काय गुन्हा? पंगतीत शेवटच्याचं हुईपर्यंत कुनी उठत न्हाय. थांबू दे की त्याला."

"डबा आहे तात्या, सोयरा नाही," ती हसली. पण माझा शब्द तिला मोडवला नाही. थांबायची वेळ तिनं चार तास केली.

दुसऱ्याच दुपारी आबाजी उतरला. चारच्या सुमाराला फोटो आला. शिडी मोकळी. मी बटणावर बोट ठेवलं आणि नजर खाली गेली. सगळ्यात खालच्या पट्टीत, शेवटच्या पायरीवर, दोन टाचा होत्या. वर माणूस नव्हता...

मी अश्लेषाला फोन लावला. तिनं तिकडूनच डब्यातली नोंद उघडून बघितली.

"तात्या, बोट काढा. वरचे सात तुकडे आबाजीकाका उतरायच्या आधीचे आहेत, आठव्याची वाट बघत थांबलेले. फोटोंचे नंबर संपून फिरून तोच नंबर आला, आणि डब्यानं आत्ताचे सात दुबार समजून टाकले, फक्त आठवा त्यांना जोडला. काका आत आहेत."

माझी दया भावाच्या जिवावर उठली होती.

तिनं तिकडूनच डबा रिकामा केला, वेळ परत तीस सेकंद केली. दिवस कलताना आबाजी चिखलाचे पाय घेऊन दारात आला.

"दादा, उतरलो मी आन् घाम तुला?"

मी त्याला जवळ बसवलं. हात सोडला नाही.

नवा फोटो आला. आठही तुकडे ताजे, शिडी मोकळी. मी बटणाकडे वळलो, तोच अश्लेषाचा फोन आला.

"तात्या... थांबा. आणखी एक तुकडा आलाय. नववा."

"आठच असत्यात म्हनलीस न्हवं?"

"आठच असतात."

डब्यानं तो खाली जोडला. फोटो एका पट्टीनं लांबला. शेवटच्या पायरीखाली, जिथं आबाजीनंच सिमेंट ओतलंय, तिथं आणखी एक पायरी होती. तिला चार बोटं घट्ट धरून होती.

"आत कोन हाय रं?"

"कुनी न्हाय," आबाजी हळू म्हणाला. "झाकनाला कुलूप मीच लावलंय."

तीन दिवस मोटार बंद आहे. उसाची पानं वळायला लागली, लोक मला बोलतात. काल दहावा तुकडा आला. त्यात त्या हाताचं मनगट आहे... आणि ते मनगट खालून धरलेला दुसरा हात.